दुसऱ्या बाजूने

वाचन : लूक 10:25-37



बंगळुरूमधील एचएसआर लेआउट, म्हणजे होसूर-सर्जापूर रोड लेआउट, या वसाहतीच्या कडेला सेंट्रल सिल्क बोर्डाचा चौक आहे. वाहनांच्या खोळंब्यासाठी तो देशभर नावाजलेला आहे. 2024 साली तेथे दुमजली उड्डाणपूल खुला झाला, 2025 च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही सुरू झाली. तरी संध्याकाळी चालकाची नजर मोबाईलवरील नकाशाकडे वळतेच. हा नकाशा रस्त्यावरील असंख्य मोबाईलांच्या गतीवरून खोळंबा ओळखतो आणि तेथे लाल रेघ काढतो.

एका संध्याकाळी शास्त्राभ्यासाला जात असताना अशी लाल रेघ दिसताच आमचा चालक वसाहतीच्या आतल्या गल्लीत वळला. तीच सूचना मिळालेली वाहने आमच्या पुढेमागे होतीच. काठी टेकत रस्ता ओलांडू पाहणारी एक आजी कडेला उभी होती. तिला कोणीही वाट दिली नाही. मी तिला पाहिले, आणि मग घड्याळ पाहिले.

त्या संध्याकाळी मला चांगल्या शोमरोन्याचा दाखला समजावून सांगायचा होता!

1952 साली जॉन वॉर्ड्रॉप या इंग्रज अभ्यासकाने दाखवून दिले, की प्रत्येक जण स्वतःचा वेळ वाचवणारी वाट निवडतो तेव्हा साधणारा समतोल सर्वांच्या मिळून हिताचा असतोच असे नाही. हे गणित झाले. गल्लीतल्या आजीचा वेळ मात्र त्या नकाशाच्या हिशेबात नव्हताच, कारण ती वाहनात नव्हती.

आता लूककडे वळू. याजक व लेवी यांच्यासाठी तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, ते नव्या करारात अन्यत्र कोठेही आढळत नाही. समोरून, बाजूने, निघून जाणे, असे तीन अर्थ त्या एका शब्दात गुंफलेले आहेत. भाषांतर करताना त्याला पुरेसा मराठी शब्द सापडत नाही. ‘टाळून’ म्हणावे तर ग्रीकातली ती रस्त्याची कड हरवते. परंतु त्याहून अधिक बोचते ते ‘पाहणे’. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. तिघांना मिळालेली वार्ता एकच होती. दोघांनी कड बदलली, तिसरा जवळ गेला. तोही प्रवासातच होता, हे लूक आवर्जून नोंदवतो. यरीहोची ती उताराची, लुटारूंची वाट. झटपट पार करण्यास त्याच्याकडेही सबळ कारण होते.

निर्गम 13:17 मध्येही मार्गाचीच निवड आहे. पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, तरी देवाने ती टाळली. युद्ध पाहून लोकांचे धैर्य खचेल हे तो जाणून होता. त्याने अंतर मोजले नाही, चालणाऱ्यांचे बळ मोजले.

पुढच्या आठवड्यात मी अर्धा तास आधी निघालो आणि मुख्य रस्ता सोडू नका, अशी चालकाला विनंती केली. त्याने आश्चर्याने नकाशा माझ्यापुढे धरला. सिल्क बोर्डापर्यंत सगळे लाल होते. आम्ही त्या लाल रेघेत उभे राहिलो.