नाण्याची पारख

वारकरी बंधूंनो, जुने नाणे खरे की खोटे, हे वजन, ठसा, अक्षर अन् कड पाहून जाणकार सांगतो. पण त्याचे मोल कशात? १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळा गावी सातवाहनांची सुमारे १६०० नाणी सापडली. धातू हिणकस, मोडीत घातली तर हाती काय यायचे? पण म. म. मिराशींनी त्यांवरची अक्षरे लावली, अन् पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी हे राजे उजेडात आले. तेव्हा मोल धातूचे नव्हे, साक्षीचे. खोटे नाणे पाडणारा खोटी साक्ष देतो. खरे नाणे दडवणारा किंवा वितळवणारा खरा साक्षीदारच नाहीसा करतो. दोष दोघांचा सारखाच, असे आम्हांस वाटते. नांगराला हंडा लागला तर कलेक्टरास कळवावे. १८७८ चा कायदा तेच सांगतो, आणि आपला विवेकही.