गेली एकदाची!

सज्जन माणूस कुणाला म्हणावं, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. त्यातलं मी फारसं वाचलेलं नाही. पण एका गोष्टीची मला खात्री आहे. या थोरामोठ्यांपैकी एकाच्याही हातून सासऱ्याचं घड्याळ विहिरीत पडलेलं नसावं. पडलं असतं, तर त्यांनी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं.

माझ्या हातून पडलं. साल १९८४, महिना वैशाख, स्थळ पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. जालना जिल्हा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. १ मे १९८१ला तो औरंगाबादेतून वेगळा निघाला होता, आणि घरातली म्हातारी माणसं पत्रावर अजून जुनाच जिल्हा घालत. आज या गावाचं नाव निघतं ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. माझ्या लेखी मात्र ती सासुरवाडी. सासुरवाडी म्हणजे जिथे जावयाला कुणी जाब विचारत नाही आणि जावई कुणाची परवानगी विचारत नाही, असं ठिकाण.

त्याच न्यायाने मी मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, खुंटीवरचं घड्याळ न विचारता मनगटावर चढवलं. माझं दुरुस्तीला टाकलं होतं. मळ्यातल्या विहिरीवर वाकून पारव्यांची घरटी बघत होतो. घड्याळाचा पट्टा जुना. तो सुटला आणि खाली 'डुबुक' असा आवाज झाला. आवाज अगदी लहान आणि सभ्य होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, त्याच वेळी घरी जाऊन सांगायचं. मीही तेच ठरवलं होतं. पण पहिल्या दिवशी जेवणं चालू होती. जेवत्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. दुसऱ्या दिवशी मामांचं कुणाशी तरी बांधावरून वाजलं होतं. तिसऱ्या दिवशी ते खुशीत होते, त्यांची खुशी घालवणं जिवावर आलं. आणि चौथ्या दिवशी सांगायचं, तर तीन दिवस का नाही सांगितलं हेही सांगणं आलं. लपवलेल्या गोष्टीला चक्रवाढ व्याज लागतं, हे मला तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, भाकरी थापता थापता सहज म्हणाल्या, "त्या दिवशी सालगड्याचं पोरगं ओसरीत घुटमळत होतं." बस, एवढंच. पोलीस नाही, पंचायत नाही, साधी शिवीसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते दहा वर्षांचं पोर वाड्यात येईनासं झालं. आलंच तर उंबऱ्याबाहेर उभं राही. मी ते बघत होतो आणि बघून चहा पीत होतो.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. वैशाखातली विहीर ती! मामांची मिरची पाणी पीत होती आणि विहिरीचं पाणी रोज वीतभर खाली जात होतं. काल पाण्याखाली असलेली पायरी आज वर दिसे. सगळा गाव आभाळाकडे बघून पाऊस मागत होता तो पिकासाठी. मी मागत होतो तो घड्याळ झाकण्यासाठी.

अशा मनःस्थितीत घरी व्हीसीआर आला.

निमित्त थोरल्या मेव्हण्याच्या मुलाच्या जावळाचं. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, एका रात्रीच्या भाड्याने. एसटी स्टँडपासून वाड्यापर्यंत ते सामान बैलगाडीत गादीवर ठेवून, दोन्ही बाजूंनी उशा लावून आणलं. माझ्या लग्नात मला इतकं जपून आणलेलं नव्हतं. रात्री दहाला लाईट यायची होती. ती आल्यावर मामांनी आधी मळ्यातली मोटार चालू करवली आणि मगच ते खुर्चीवर येऊन बसले. अंगणात सतरंज्या, सतरंज्यांवर निम्मा गाव, दाराशी सालगडी आणि त्याच्या पाठीशी ते पोरगं.

पहिल्या कॅसेटीत पुष्कळ मारामारी झाली. दुसरीवर 'जय संतोषी माँ' अशी चिठ्ठी होती. आत्याबाईंनी टीव्हीसमोर उदबत्ती लावली, बायकांनी पदर सावरले, आणि पडद्यावर आल्या काळ्या-करड्या आडव्या रेघा. "हेड साफ करावं लागतंय," असं म्हणून धाकटा मेव्हणा फडकं घेऊन धावला. पण त्या रेघा सिनेमाच्याच होत्या. चिठ्ठी एकीची आणि पोटात भलतंच, असं झालं होतं. आत होता आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको', १९६० सालचा, कृष्णधवल, इंग्रजी.

"दाजी आहेत की! दाजी सांगतील काय चाललंय ते," मेव्हणा म्हणाला. पुण्याच्या जावयाला इंग्रजी येतं, अशी त्या घराची श्रद्धा होती. मी पडद्याशेजारी बसून निरूपण सुरू केलं.

एक बाई. कचेरीत काम करते. मालकाने बँकेत भरायला दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन पळते. "म्हणजे किती?" मामांनी विचारलं. डॉलरला ढोबळ दहा रुपये धरून मी चार लाख सांगितले. "मग बागायत घ्यायची की! पळते कशाला?" मामा म्हणाले. पावसापाण्याच्या रात्री बाई आडरस्त्यावरच्या एका लॉजवर उतरते. लॉजचा मालक तरुण, लाजरा पोरगा. आई कडक, वरच्या घरात राहते, तिचा नुसता आवाज ऐकू येतो. त्या पोराशी बोलता बोलता बाईचं मन पालटतं. उद्या परत जायचं, पैसे परत करायचे, असं ती ठरवते. खोलीत बसून कागदावर हिशेब मांडते, किती गेले आणि किती भरून द्यावे लागतील याचा. मग अंघोळीला जाते.

इथे वडीलधारी मंडळी खाकरली. मेव्हण्याने पुढे पळवायचं बटण शोधायला सुरुवात केली. ते सापडेपर्यंत सुरा आला होता. हा प्रसंग पाऊण मिनिटाचा. त्याचं चित्रण सात दिवस चाललं होतं आणि रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता, हे मी नंतर वाचलं. अंगणात हे कुणाला ठाऊक असणार? जावळाचं पोर किंचाळून रडलं. आत्याबाईंनी उठून उदबत्ती विझवली.

पुढे तो पोरगा धावत येतो. हे आपल्या आईचं काम, असं त्याला वाटतं, आम्हालाही वाटलं. तो फरशी धुतो, रक्त पुसतो, बाईला तिच्याच मोटारीच्या डिकीत घालतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते पैसेही नकळत तिच्यासोबत जातात. मग मोटार दलदलीत ढकलून काठावर उभा राहतो. मोटार बुडायला लागते. अर्धी जाते. आणि थांबते.

अंगणात चिटपाखरू बोलेना. दोनशे माणसांनी श्वास धरला होता. पोरगा घाबरून इकडेतिकडे बघतो. मग बुडबुडे येतात आणि मोटार गपकन खाली जाते.

"गेली माय एकदाची!" दाराशी बसलेला सालगडी म्हणाला. "सुटलं पोरगं!"

"आईपायी किती राबतंय बिचारं," आत्याबाई म्हणाल्या. "गुणाचं आहे."

आणि मी? मी सगळ्यांत मोठा सुस्कारा टाकला होता.

तरुण पोरं ओरडली, "परत लाव!" व्हीसीआरला एक बटण असायचं. ते दाबलं की चित्र उलटं धावे. मेव्हण्याने दाबलं, आणि दलदलीतून मोटार वर येऊ लागली. बुडालेली वस्तू वर येताना मी प्रथमच बघत होतो. माझ्या पोटात गोळा आला. तीनदा ती मोटार वर आली आणि तीनदा बुडाली. बुडणार हे माहीत असूनही दर वेळी तिथेच सगळ्यांचा श्वास अडकला, दर वेळी सुटला. चौथ्यांदा मामाच म्हणाले, "पुरे. पुढं जाऊ द्या." मध्येच शांतता झाली की लांबून मळ्यातल्या मोटारीची घरघर ऐकू येत होती.

रहस्यपट मला नवे नव्हते. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' १९६४चा. त्यावरून हिंदीत १९६६ला 'मेरा साया' झाला. १९७६चा 'हा खेळ सावल्यांचा' तर मी सहकुटुंब पाहिला होता. रहस्यपट म्हणजे 'हे कुणी केलं?' याचं उत्तर शोधायचं, अशी माझी समजूत. इथे गोरा माणूस मलाच विचारत होता, 'काय हो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?' फ्रान्स्वा त्रुफोने हिचकॉकची दीर्घ मुलाखत घेतली, तिचं पुस्तक १९६६ला निघालं. त्यात हिचकॉकने हेच सांगितलं आहे, की मोटार थांबते तेव्हा ती पूर्ण बुडावी असंच प्रेक्षकाला वाटतं. म्हणजे आमच्या अंगणात काय होणार, हे त्याला चोवीस वर्षं आधी माहीत होतं.

मारली गेली ती बाई पैसे परत करणार होती, आणि दहा मिनिटांत आम्ही तिला विसरलो. कारण काय असावं? मला वाटतं, आपली माया न्यायाच्या मागे जात नाही, भीतीच्या मागे जाते. जो घाबरून काही झाकतोय, त्याची छाती कशी धडधडते हे आपल्याला आतून ठाऊक असतं. प्रत्येकाचं काही ना काही पाण्याखाली असतंच. परत करायला निघालेल्या माणसाची धडधड आपल्या ओळखीची नसते. पण त्या रात्री दाराशी बसलेल्या सालगड्याच्या पाण्याखाली काही नव्हतं. परक्या पोराला सुटलेलं पाहून त्याला बरं वाटलं, आणि त्याचं स्वतःचं पोर उंबऱ्याबाहेर उभं होतं.

सिनेमाचा शेवट मी सांगत नाही. हिचकॉकने सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही असा दंडक घातला होता, आणि शेवट फोडू नका अशी विनंतीही केली होती. एवढंच सांगतो, की अगदी शेवटच्या दृश्यात ती मोटार साखळीने ओढून बाहेर काढतात.

त्याच सुमारास मळ्यातल्या मोटारीचा आवाज बदलला. विहीर तळाला लागली होती. मामा बॅटरी घेऊन उठले. मी मागोमाग निघालो. बांधावर अंधारात म्हणालो, "मामा, तुमचं घड्याळ विहिरीत आहे. माझ्या हातून पडलं."

मामा थांबले. "कवा?"

"बारा दिवस झाले."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घड्याळाचं काय, निघंल. त्या डब्यातली गाडी उलटी वर येती, जावईबापू. तुमच्या आत्याबाईचा बोल कसा वर काढायचा?"

पहाटे विहिरीत उतरला तो सालगडीच. गाळातून घड्याळ काढून त्याने वर दिलं. मामांनी माझ्यादेखत त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पाव्हण्याच्या हातून व्हतं कधी कधी. जाऊ द्या, मालक." मी पोराला पाच रुपये देऊ केले. त्याने बापाकडे पाहिलं आणि घेतले नाहीत. पुढच्या पाडव्याला सालगड्याने दुसऱ्याच्या शेतात साल धरलं. का, ते कुणी विचारलं नाही.

मी कबूल झालो, हे खरं. पण मनाच्या टोचणीने झालो की पाण्याच्या पातळीने, हा प्रश्न मला गेली चाळीस वर्षं पडतो. विहिरीत आणखी दोन हात पाणी असतं, तर मी बोललो असतो का? छातीठोक उत्तर देता येत नाही. सिनेमातल्या बाईचं तसं नव्हतं. वाटेत एका पोलिसाने तिच्याकडे संशयाने पाहिलं होतं, पण ते मागे पडलं होतं. परत फिरायचं तिने आपण होऊन ठरवलं.

व्हीसीआर आता गेला. तो बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली काम थांबवलं. परवा नातवाच्या लॅपटॉपवर मी 'सायको' पुन्हा पाहिला. मोटार अर्धी बुडून थांबली आणि माझाही श्वास थांबला, अगदी जसाच्या तसा. नातू म्हणाला, "आजोबा, परत लावू?" मी म्हटलं, "लाव, पण आणखी मागे ने. ती बाई कागदावर हिशेब मांडते तिथं."

पिंपळगावात त्या रात्री ते दृश्य परत लावा, असं कुणीच म्हणालं नव्हतं.