पंक्तीतला बेडूक

वाढप्याने सर्वांना सारखेच वाढले, म्हणजे न्याय झाला काय? माझ्या घरच्या काचपेटीपाशी हा प्रश्न मला रोज पडतो. तीत गप्पी माशांच्या सोबतीला दोन पाणबेडूक आहेत. मध्य आफ्रिकेतली, इंच-दीड इंचाची जात. जन्म सारा पाण्यात, श्वासापुरते वर येणे. जीभ नाही, नजर अधू. वासाने चाचपडत घासापाशी पोचावे, तो गप्पींनी तो केव्हाच मटकावलेला! बरे, जास्त टाकावे तर मासे तट्ट फुगतात, उरलेले कुजून पाणी नासते, अन् बेडूक उपाशीच. म्हणून माशांना एका कोपऱ्यात गुंतवून मी लाल अळ्या चिमट्याने बेडकांच्या नाकापुढे धरतो.

“बाबा, हा पक्षपात!” चिरंजीव म्हणतात. मागल्या बाकावरच्या मुलाला पुन्हा समजावताना पुढच्या बाकांवरून हीच कुरकुर येते.

चपळ असणे हा काही गप्पींचा गुन्हा नव्हे. पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडले. निसर्गाने ही पंगत कधीच मांडली नसती. ती मांडली माझ्या हौसेने. मग ‘ज्याने त्याने आपले मिळवावे’ हे मी कोणत्या तोंडाने सांगू? बेडूक घासापुढेही क्षणभर थबकतो, मग दोन्ही हातांनी तो तोंडात कोंबतो. तोवर चिमटा स्थिर हवा, हात अवघडतो.