घराचा नकाशा आणि अनुपस्थित माणसे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' या म्हणीत घर बांधण्याच्या खर्चाचा आणि दगदगीचा अनुभव साठवलेला आहे. परंतु ही दगदग सुरू होण्यापूर्वीच घराविषयीचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय कागदावर होऊन गेलेले असतात. जिना कोठे यावा, स्वयंपाकघराला किती जागा द्यावी, कोणत्या खोलीला आतून कडी असावी, हे एकदा ठरले की पुढची चाळीस-पन्नास वर्षे माणसे त्या रेषांमधून चालतात. त्यांतील पुष्कळशी माणसे नकाशा काढला जात असताना तेथे नसतात. काही जन्मलेली नसतात, काही लग्न होऊन यायची असतात, काहींना विचारण्याची कोणाला गरजच वाटलेली नसते. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या जमिनीवर घर बांधणारा माणूस अशा अनुपस्थितांच्या आयुष्याविषयीही निर्णय घेत असतो. त्याचा हा अधिकार कितपत न्याय्य आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हा प्रश्न वास्तुरचनेच्या चौकटीत पुरता मावत नाही. तो नीतिशास्त्राचाही प्रश्न आहे.

तो अमूर्त राहू नये म्हणून एखादी ठिकाणाची जागा डोळ्यांसमोर ठेवणे बरे. चेन्नईच्या दक्षिणेला तांबरम आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ साली शहरातून येथे आले तेव्हा हा परिसर झाडीचा आणि शेतीचा होता. रेल्वे आणि दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता यांच्या आधाराने तो वाढत गेला आणि २०२१ मध्ये तांबरमची स्वतंत्र महानगरपालिका झाली. तेथे जमीन 'ग्राउंड'मध्ये मोजतात; एक ग्राउंड म्हणजे २४०० चौरस फूट. मध्यमवर्गीय माणसाचे स्वप्न बहुधा एवढ्या किंवा याच्या निम्म्या तुकड्यावर उभे राहते. चेन्नईत तंजावरी मराठी कुटुंबेही आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजींच्या मागोमाग गेलेल्या मराठी माणसांचे हे वंशज घरात दाक्षिणात्य वळणाची मराठी बोलतात आणि अंगणात कोलम घालतात. अशा कुटुंबाने तांबरमला घर बांधायचे ठरवले, तर त्याच्या नकाशावर मराठी वाडा आणि तमिळ घर या दोहोंची स्मृती असते. प्रत्यक्षात मात्र त्या नकाशात हॉल, किचन, मास्टर बेडरूम, पूजेची खोली आणि मोटारीची जागा एवढेच येते.

साहित्याच्या अभ्यासकाने ही नावे एखाद्या संहितेसारखी वाचून पाहावीत. जुन्या घरात ओसरी, पडवी, माजघर, कोठीघर, न्हाणीघर, परसदार आणि बाळंतिणीची खोली असे. यांतील बहुतेक नावे क्रियेशी, वस्तूशी किंवा प्रसंगाशी बांधलेली होती. एखादी खोली व्यक्तीच्या मालकीची आहे असे ती क्वचितच सांगत. आजच्या नकाशातील नावे मुख्यतः माणसांची वाटणी करतात : ही आमची, ही मुलाची, ही पाहुण्यांची. 'मास्टर' हा शब्द तर सत्तेचा उच्चार इतक्या उघडपणे करतो की तो कानांना खटकेनासा झाला आहे. जन्म आणि मृत्यू या दोन्ही घटना रुग्णालयात गेल्यामुळे त्यांना नकाशात जागा उरलेली नाही. तथापि म्हातारपण रुग्णालयात गेलेले नाही. निजण्याची खोली वरच्या मजल्यावर आणि न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे, असा नकाशा पन्नाशीतला माणूस निःशंकपणे संमत करतो. चाकांच्या खुर्चीला सुखाने जाण्यासाठी तीन फुटांचे दार लागते, हे त्याला कोणी सांगितले तर तो ते अभद्र बोलणे मानतो. अनुपस्थित माणसांमध्ये आपण स्वतःही असतो, म्हातारे झालेले, आणि त्या आपल्यालाही आपण विचारलेले नसते.

येथे जुन्या घराच्या आठवणीने गहिवरण्याचा मोह होतो. तमिळ घराच्या दारापुढची तिण्णै आणि मराठी घराचा ओटा ही वाटसरूला दिलेली जागा होती, आणि आज तिच्याऐवजी कुंपणाची भिंत आली आहे, हे खरेच आहे. परंतु तिण्णैवर कोणी बसावे आणि कोणी रस्त्यावरच उभे राहावे, हे जातीने ठरवलेले असे. माजघराची ऊब ज्यांच्या श्रमातून येई त्या स्त्रियांना घरात स्वतःची म्हणावी अशी जागा नसे. महिन्यातले काही दिवस त्यांना 'बाजूला' बसावे लागे, आणि ती बाजूही घराच्या रचनेतच योजलेली असे. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्यांच्या शिकण्याला असलेला विरोध नमूद आहे. शिकणाऱ्या सुनेला पुस्तक घेऊन निवांत बसण्याची जागाच ज्या रचनेत कल्पिलेली नाही, त्या रचनेत केवळ पतीची संमती पुरेशी ठरत नाही. दार लावून घेता येणारी खोली ही आधुनिक नकाशाची देणगी या दृष्टीने लहान नाही. तिला एकलकोंडेपणाचे चिन्ह म्हणून हिणवणाऱ्यांनी ती कोणाला पूर्वी नाकारली गेली होती, याचा विचार केलेला नसतो.

नकाशा हा प्रतिकारही होऊ शकतो, याचे मराठी माणसाला जवळचे उदाहरण म्हणजे 'राजगृह'. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला घर मिळाले नाही; पारशी धर्मशाळेतूनही त्यांना घालवून देण्यात आले. पुढे १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले आणि त्यात ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम जागा योजली. ज्या समाजाला ज्ञानाच्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला गेला नव्हता, त्या समाजातील एका माणसाने आपल्या घरात मानाची जागा ग्रंथांना दिली. कोणाला जागा द्यायची, या प्रश्नाचे ते विचारपूर्वक दिलेले उत्तर होते.

मात्र सद्हेतूने काढलेला नकाशाही दुसऱ्यावर लादला जाऊ शकतो. वास्तुरचनाकार मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये 'फ्रांकफुर्ट किचन'ची रचना केली. गृहिणीची पावले आणि वेळ वाचावा, हा त्यामागचा हेतू होता. आजच्या शहरी स्वयंपाकघराचे मूळ बव्हंशी त्या रचनेत आहे. पण ते स्वयंपाकघर एकाच व्यक्तीच्या हालचालींच्या मापाचे होते. श्रम कमी झाले, आणि त्याच वेळी त्या श्रमात दुसऱ्या कोणी वाटा उचलण्याची शक्यताही अरुंद झाली. ज्या स्वयंपाकघरात दोन माणसे शेजारी उभी राहू शकत नाहीत, तेथे घरातील पुरुषाने काम करावे हा उपदेश भिंतींनाच मान्य नसतो.

आतापर्यंतचा विचार घराच्या आतील माणसांचा झाला. तांबरमची भूमी एका आणखी व्यापक अनुपस्थिताकडे लक्ष वेधते. चेंगलपट्टूचा हा सगळा प्रदेश 'एरीं'चा, म्हणजे साखळीने जोडलेल्या तलावांचा आहे. एका तलावाचे जादा पाणी उताराने पुढच्या तलावात जावे अशी ती जुनी योजना. या उतारांवर वसाहती झाल्या. डिसेंबर २०१५ च्या आरंभी तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला आणि पश्चिमेकडील मुडिचूर, वरदराजपुरम या भागांतील घरे पाण्याखाली गेली. पाणी आपल्या जुन्या वाटेने आले होते. त्या वाटेची नोंद कोणाच्याही घराच्या नकाशात नव्हती. अशा अनुभवानंतर नवे घर बांधणारा साहजिकच जोते उंच घेतो. त्याची भीती खरी आहे आणि त्याला दोष देणे अवघड आहे. परंतु भराव घालून उंच केलेल्या आवारातील पाणी शेजारच्या जुन्या, खालच्या घरात शिरते. डांबराचे थर चढत जाऊन रस्ता आधीच वर आलेला असतो. मग शेजारीही ऐपत असेल तर घर पाडून अधिक उंच बांधतो, आणि ज्याची ऐपत नाही तो दर पावसाळ्यात सामान खाटेवर चढवतो. जोत्याची उंची ही एरवी केवळ बांधकामाची बाब वाटते, पण येथे ती सरळ न्यायाची बाब होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चोवीसशे चौरस फुटांत न जन्मलेली नात, येणारी सून, मोलकरीण, शेजारी आणि पाऊस या सर्वांची सोय करायची तर घर बांधणेच अशक्य होईल. रेषा ओढणे म्हणजे निवड करणे, आणि निवड म्हटली की कोणीतरी बाहेर राहणारच. हे मान्य करूनही दोन कसोट्या उरतात. पहिली अशी की आपला निर्णय पुढच्या माणसाला बदलता येईल का. विटांची मधली भिंत काढता येते. काँक्रीटच्या खांबांनी आणि जिन्याने ठरवलेली गोष्ट सहसा बदलत नाही. म्हणून जे बदलता येणार नाही त्याच्याविषयी अधिक संकोच बाळगावा. दुसरी कसोटी अशी की आपल्या सोयीची किंमत कोण देतो. ती आपण देत असू तर प्रश्न मिटला. ती खालच्या घरातील शेजारी किंवा जिन्याखालच्या कोंदट जागेत झोपणारी कामकरी मुलगी देत असेल, तर मालकीहक्क हे उत्तर पुरेसे नाही. तमिळनाडूने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था बंधनकारक केली. मालकाच्या इच्छेपलीकडे घराचे काही देणे असते, याला कायद्याने दिलेली ही मान्यता होय. परंतु मोलकरणीच्या खोलीला खिडकी असावी की नाही, हे घरमालकाच्या विवेकावरच बव्हंशी अवलंबून राहते.

आपल्या परंपरेत नव्या घराची वास्तुशांती करतात. पाया खणताना, झाडे तोडताना ज्या जिवांना इजा झाली त्यांची क्षमा मागण्याचा भाव या विधीत आहे, असे सांगितले जाते. क्षमेचा हा क्रम मात्र उलटा आहे. घर पुरे झाल्यावर मागितलेली क्षमा कोणाचेच काही परत देत नाही. तिची खरी वेळ नकाशा अद्याप पेन्सिलीत असते ती. वास्तू सदैव 'तथास्तु' म्हणते, म्हणून घरात वावगे बोलू नये, असे जुन्या स्त्रिया सांगत. नकाशातील रेषांनाही वास्तू तथास्तु म्हणते. ज्याला आपण खोली दिली त्याला ती मिळते, ज्याचा विसर पडला त्याचा विसर भिंतीत पक्का होतो, आणि खोडरबर हातात असेपर्यंतच त्यावर काही उपाय असतो.