पहिले पाऊल कोणाचे?



चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहून मी कर्तेपणाचे निरूपण केले. ‘मी केले’ म्हणणारा अहंकार कसा फसवा, हे टाळकऱ्यांच्या साथीने शेकडो वेळा सांगितले असेल. आणि नातू चौदा महिन्यांचा होऊनही पाऊल टाकीना, तेव्हा सूनबाईला मीच म्हणालो, “मुली, तुझे लक्ष कमी पडते. आमच्या वेळी बाळाला तेल चोळून वर्षाच्या आत चालते करीत.” ती काही बोलली नाही. रात्री मात्र माळ्यावरचा जुना पांगुळगाडा काढून पुसत बसलेली दिसली.

पुढे ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांशी बोलणे झाले. त्यातून जे उमगले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

गर्भाची हालचाल सातव्या-आठव्या आठवड्यातच सुरू होते. आईला ती जाणवते अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे अडीच महिने ज्या माउलीच्या उदरात बाळ हलते आहे, तिलाच वार्ता नाही! मोठा मेंदू तेव्हा कारभार पाहू लागलेला नसतो. हुकूम देणारा कोणी नाही, तरी हातपाय हलतात, पुढे जांभईसुद्धा येते. हवा नाही, तरी छाती श्वासाची तालीम करते. याहून नवल असे, की ही हालचाल झाली नाही तर सांधे आखडतात, नीट घडतच नाहीत. आपण समजतो, देह आधी तयार होतो आणि मग हलतो. इथे हलता हलता देह घडतो. मग हलवणारा कोण म्हणावा? बाळ म्हणावे, तर त्याला अजून ‘मी’ नाही. आई म्हणावी, तर तिला ठाऊक नाही.

(गरोदर लेकीसुनांना एक सांगणे: जाणवू लागलेली हालचाल कमी झाली, तर असले चिंतन करीत बसू नये. लगेच दवाखाना गाठावा.)

तान्ह्याला काखेत धरून तळपाय जमिनीला टेकवले, की ते पावले टाकल्यासारखे करते. दोन महिन्यांच्या सुमारास हे थांबते. मेंदू वाढला म्हणून ही उपजत क्रिया मावळली, असे जाणकार सांगत. एस्थर थेलन या अमेरिकन विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरले, आणि पावले पुन्हा पडू लागली! चाल हरवली नव्हती. पायांना बाळसे आले होते, ते उचलण्याइतके बळ अजून आले नव्हते. माझे गुडघे आता वारीला नाही म्हणतात, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी ठेवल्या, त्यांत भारतातलीही मुले होती. कोणी आठव्या महिन्यात एकटे चालले, कोणी साडेसतराव्या. शंभरातली चारेक तर रांगलीच नाहीत. अठरा महिने उलटूनही मूल चालले नाही तर डॉक्टरांना दाखवावेच. पण आमचा चौदा महिन्यांचा नातू मुळी वेळेतच होता.

मग आईच्या कष्टांना मोल नाही का? आहे. मालिशीचा, जमिनीवर मोकळे सोडण्याचा हातभार लागतोच. पण हातभाराला आपण कर्तेपण समजतो, आणि मग मूल लवकर चालले की श्रेय आपले, उशिरा चालले की दोष सुनेचा. श्रेय घेणाऱ्या अहंकाराला मी कीर्तनात झोडपले. हा दोष वाटणारा माझ्याच घरात जेवत होता.

त्याच संध्याकाळी सूनबाईला म्हणालो, “बाळ, माझे चुकले.” ती म्हणाली, “मामंजी, चहा ठेवू का?”

न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मोजले आहे, की बारा ते एकोणीस महिन्यांचे मूल खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि सतरा वेळा पडते. आमचा पठ्ठ्या सोळाव्या महिन्यात चालला. पाहायला कोणी नव्हते. सून पाणी भरत होती, मी डोळे मिटून हरिपाठ म्हणत होतो. डोळे उघडले, तेव्हा तो वीणेपाशी पोहोचला होता.