सातबारा कुणाचा, नुकसान कुणाचे?



माणदेशाला दुष्काळ नवा नाही. २०१८ साली राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला माण होता. कधी उलटेही होते. अवकाळी पाऊस हातची बाजरी किंवा कांदा घेऊन जातो. मग पंचनामे होतात. पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाले असेल, तर केंद्राच्या निकषांप्रमाणे मदत मिळते; २०२२ च्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये ठरले होते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. रक्कम मोठी नाही. पण लहान रकमेतही न्याय-अन्याय असतो.

ही मदत सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या खात्यात जमा होते. आपल्याकडे मात्र कितीतरी जमिनी वाट्याने कसल्या जातात. मालक मुंबईला कामाला. नांगरट, पेरणी, खुरपणी, राखण सारे वाटेकऱ्याकडे. बी-खत निम्मे-निम्मे. पीक आले असते तर दोघांनी अर्धे-अर्धे नेले असते. पीक गेले, तर मदत एकट्याची कशी?

कुणी म्हणेल, "सरकारने माझ्याच नावावर दिली. मी काही चोरी केली नाही." कायद्याने हे खरे आहे. पण मदत कशासाठी मिळाली? जमिनीसाठी नव्हे. जमीन जागेवरच आहे. गेले ते पीक, आणि पिकात दोघांचा वाटा होता.

मग कायदा चुकीचा आहे का? तसेही नाही. हजारो शेतांचा हिशेब करायचा तर सरकारला कागदावरचे नाव लागते. ॲरिस्टॉटल आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले आहे की, कायदा सर्वांसाठी एकच बोलतो, म्हणून एखाद्या प्रसंगी तो अपुरा पडतो. तिथे कायद्याचा हेतू ओळखून उरलेला न्याय माणसाने पुरा करायचा असतो. तलाठ्याला घरातला करार दिसत नाही, आपल्याला दिसतो.

मालकाची भीतीही समजून घेतली पाहिजे. १९४८ च्या कूळकायद्यापासून 'वाटेकऱ्याचे नाव कागदावर लागले तर जमीन जाईल' ही धास्ती अनेक घरांत आहे. पण कागदावर नाव लावणे वेगळे आणि त्याच्या हक्काचा वाटा त्याच्या हातात ठेवणे वेगळे. बी-खताचा सारा खर्च मालकाने केला असेल, तर त्याला अधिक मिळावे. ज्याचे जेवढे बुडाले, त्या प्रमाणात वाटणी व्हावी. मात्र हे देणे म्हणजे दानधर्म, असे कुणी समजू नये. दान दिल्यावर घेणारा आभार मानतो. इथे आपण त्याचेच त्याला परत करतो.

वाटेकरी बांधवांनाही सांगणे आहे: खर्च मालकाने केला असेल तर तो कबूल करा. न्याय दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने शिकवले आहे. खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर येईल, त्या दिवशी ही शिकवण आठवावी. आधी वाटेकऱ्याचे घर, मग बाजार.

आपला,
धर्मगुरू