अंगठ्याची किंमत



दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. भात-नागली घरात येते, पण वर्षभर पुरत नाही. मग कोणी भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जातो, कोणी ठाणे-नाशिकच्या बांधकामावर. होळीला आणि पावसाच्या तोंडाला माणसे परततात. काही जण मात्र आपले एखादे अंग तिकडेच गमावून येतात.

असाच एक गृहस्थ भेटला. यंत्रात उजव्या हाताचा अंगठा गेलेला. मुकादमाने दवाखान्याचा खर्च दिला, थोडी रक्कम हातावर ठेवली. प्रकरण मिटल्याच्या कागदावर याने उरलेला अंगठा उठवला. मला म्हणाला, "फादर, जखम भरली. पण आता घरात मला कोणी काही विचारत नाही."

कायद्याकडे अशा जखमांचा हिशेब आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली, एक डोळा गेला तर 40 टक्के, दोन्ही हात गेले तर 100 टक्के. पुढे हा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. यादी निर्दय वाटते, पण तिच्यामुळेच भरपाई ही मालकाची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क ठरली. मजूर मुकादमाने आणलेला असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही. हक्क सोडून दिल्याचा करारही कायदा मानत नाही. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तरीही प्रश्न उरतोच: 30 टक्के कशाचे? यादी कमाई मोजते. पण अंगठ्याविना विळा नीट धरता येत नाही, आवणीच्या वेळी रोपांची जुडी बांधता येत नाही, लेकराच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. या गोष्टी कोणत्याही यादीत नाहीत. एकलव्याने अंगठा दिल्याची गोष्ट आपण सारे सांगतो. त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले, हे कोणी विचारत नाही.

येथे दोन चुका होतात. पैसे दिले म्हणजे देणे फिटले, असे समजणे ही पहिली. दुसरी चूक आम्हा उपदेश करणाऱ्यांची. माणसाची प्रतिष्ठा हातापायांवर अवलंबून नसते, असे सांगून आम्ही भरपाईचा प्रश्न बाजूला सारतो. नुसत्या प्रतिष्ठेने चूल पेटत नाही. आणि नुसत्या पैशाने घरातली जागा परत मिळत नाही. काम करणाऱ्याच्या शब्दाला घरात मान असतो. हात अधू झाला की तो मानही जातो. उपचार आणि भरपाई मालकाने द्यायची आहे. ही गेलेली जागा मात्र आपणच द्यायची आहे.

शुभवर्तमानात वाळलेल्या हाताचा एक माणूस भेटतो. येशूने त्याचा हात बरा केला. पण त्याआधी त्याला सर्वांच्या मध्ये उभे केले. हात बरा करणे आपल्याला जमणार नाही. मध्ये बोलावणे जमेल.

यंदा कामावर जाताना मालकाचे नाव-पत्ता घरी लिहून ठेवा. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका. आणि ओटीवर एकटा बसलेला कोणी असेल, तर यंदा कोणते बियाणे पेरावे, हे त्याला विचारा.